उंच बुडाचं लिटर

शेर जाऊन लिटर आलं तेव्हा लिटर केवढं असतं, हे मारेगावच्या बाजारात कोणाच्याच नजरेत बसलेलं नव्हतं. माझं टिनकामाचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. कंदील, चिमण्या, नरसाळी आणि मापं मी बनवत असे. तीन दुकानदारांनी माझ्याकडून घासलेटची मापं नेली. त्यांतल्या रामरावाने बूड दोन बोटं वर घ्यायला सांगितलं, म्हणजे बाहेरून माप तेवढंच दिसेल आणि आत कमी मावेल. मी घेतलं. मग बाकीच्या दोघांनीही तसंच मागितलं. शिक्क्याचं खरं माप रामरावाच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं असे, मापं तपासणारा साहेब आला तर दाखवायला.

दोन वर्षांनी विमलताई आल्या. त्या नागपूरच्या एका कॉलेजात शिकवत. गरीब माणूस बाजारात कुठे नाडला जातो, याच्या अभ्यासासाठी एका संस्थेने त्यांना बाराशे रुपये मंजूर केले होते. निम्मे आधी, निम्मे काम पाहून. कोलाम आदिवासींची कोलामी बोली समजणारा आणि उत्तरं लिहून घेणारा माणूस त्यांना हवा होता. मी चाळिशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो होतो. माझी अक्षरं मोठी होती आणि हात सावकाश चाले, पण लिहिलेलं वाचता येई. त्यांनी मलाच घेतलं.

पंधरा दिवस आम्ही कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर फिरलो. दुकानदार फसवतो का, असं ताई विचारत. प्रत्येक घरी उत्तर एकच, नाही. कारण माप ओतून झालं की रामराव वर अर्धी पळी घासलेट घाले. जो वरचं देतो तो भला, ही पोडावरची पारख. मापाकडे कोणी बघतच नसे, सगळ्यांचे डोळे त्या पळीवर.

एकशे चाळीस कागदांवर मी 'नाही' लिहिलं. मग संस्थेचं पत्र आलं. फसवणूकच नसेल तर अभ्यास कशाचा, महिनाअखेर पुरावा आला नाही तर उरलेले पैसे मिळणार नाहीत. ताईंनी ते माझ्याच दुकानात बसून वाचलं आणि कागदांचा गठ्ठा बांधायला घेतला.

पुरावा माझ्या समोर, हत्यारांच्या खोक्याशेजारी पडलेला होता, उंच बुडाचं एक जादा माप. पण माझं अर्धं काम त्या तीन दुकानांचं. घरी माझी बायको जुबैदा पीठ मळत होती, तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, माप कोणी बनवलं हे त्या कागदावर विचारलंय का? मी नाही म्हणालो.

"मंग तुमीच लिवा," ती म्हणाली. "अक्षरं कायले शिकले?"

दुसऱ्या दिवशी पंचायतीतून शिक्क्याचं माप मागून आणलं, माझ्याकडचं उंच बुडाचं घेतलं आणि ताईंना घेऊन पोडाचा नाईक डोमाजी याच्या अंगणात गेलो. बायामाणसं जमली. माझं माप पाण्याने काठोकाठ भरून शिक्क्याच्या मापात ओतलं. वरून अर्धी पळीही घातली. तरी ते भरलं नाही.

"हे बूड म्या वर घेतलं," मी म्हणालो. "रामरावनं सांगतलं, अन् म्या केलं."

डोमाजीने माप उलटं करून नखाने वाजवून पाहिलं.

"म्हंजे दोन सालं आमी तुह्या पत्र्यावर दिवा लावून राह्यलो, रहेमान?"

"हो."

"मंग आता आमच्यासाठी बनव. बूड खाली ठेवजो."

बायका हसल्या. मला मान वर करायला थोडा वेळ लागला.

दुकानदार फसवतो का, हा प्रश्नच ताईंनी सोडून दिला. मंगळवारच्या बाजाराहून परतणाऱ्यांना पोडाच्या वाटेवर थांबवून आम्ही घासलेटच्या बाटल्या शिक्क्याच्या मापाने मोजल्या. बावीस बाटल्या, एकही पुरी नाही. अहवालात 'एक टिनकाम करणारा' एवढंच लिहिते, असं ताई म्हणाल्या.

"पुरं नाव लिवा, ताई. नाही त रामराव म्हणीन, बाईनं मनानं रचलं."

संस्थेने उरलेले सहाशे पाठवले आणि दुसऱ्या तालुक्यासाठी आणखी मंजूर केले. तिन्ही दुकानदारांनी माझं काम बंद केलं. रामराव रस्त्यातून मोठ्याने म्हणाला, मियाँ आता मास्तर झाला. मी म्हणालो, मास्तरकडे माप आणा, बूड फुकट उतरवून देतो.

पुढचा दीड महिना कंदील दुरुस्तीवर काढला. पण पोडावरची माणसं मी बनवलेली मापं काखेत मारून बाजारात येऊ लागली. आधी आपल्या मापात ओत, मग बाटलीत, असं म्हणू लागली. जो दुकानदार कुरकुरला त्याच्याकडे गिऱ्हाईक थांबेना. दोघांनी आपली मापं माझ्याकडे आणली. रामरावाने आपलं फडक्यात गुंडाळून पाठवलं, स्वतः आला नाही. मी शेगडी पेटवली, सांध्याची जुनी झाळ उकलली आणि बूड त्याच्या जागेवर बसवलं.