फिल्मवरची गाठ

१७ जानेवारी २०१२, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. झाशीच्या प्रेम नगरातल्या घराच्या खिडकीवर विद्याधरपंतांनी एमआरआयच्या दोन फिल्म चिकटवल्या होत्या, एक मागच्या वर्षीची आणि एक कालची. दोन्हींत त्यांच्या पत्नीच्या, सरलाबाईंच्या, डोक्यातली, डाव्या कानामागची गाठ पांढरी दिसत होती. रेल्वे वर्कशॉपच्या मोजमाप विभागात चौतीस वर्षे काढलेल्या पंतांनी बारीक माप घेणारा व्हर्नियर लावला, वाचला आणि पुन्हा लावला.

“तेरा मिलिमीटर. रिपोर्टात सव्वीस. मागच्या वर्षी मी अकरा मोजली, तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी बावीस लिहिली होती. दरवेळी बरोबर दुप्पट. महागाचं मशीन घेतलंय, गिऱ्हाईक नको?”

“विद्याधरजी,” शहरातल्याच नगरा भागातून आलेले सरलाबाईंचे थोरले भाऊ यज्ञेश्वर म्हणाले, “डॉक्टरांचं तरी ऐका. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत आहे तोवर दिल्लीत किरणांनी काम होतं. चहूकडून बारीक किरण एकाच जागी सोडतात, कवटी उघडावी लागत नाही. त्यापुढे गेली की सुरी. गुरुवारची तारीख मिळाली आहे.”

“ती मी रद्द करतो. कपाळाला चार स्क्रूंनी चौकट आवळायची आणि एवढ्याशा गाठीसाठी मेंदू भाजायचा? तुम्ही जन्मभर पोस्टात शिक्के मारलेत, भैया. मोजमापातलं तुम्हाला काय कळतं?”

“तुमच्या मोजमापापायी वर्ष गेलं. माझ्या बहिणीचा डावा कानही गेला.”

पंतांनी फोन उचलला. तेव्हा पलीकडे बसलेल्या सरलाबाई उठल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षे भूगोल शिकवला होता.

“अहो, नकाशावर झाशीपासून एरच गाव बोटभर लांब असतं. बोटभर चालून पोहोचाल का?”

“तुझा भूगोल आत्ता नको.”

“फिल्मच्या कडेला उभी पट्टी आहे. शेजारी पाच सेंटिमीटर लिहिलंय. लावा तुमचा व्हर्नियर.”

त्यांनी लावला. पट्टी भरली पंचवीस मिलिमीटर. दुसऱ्यांदाही तेवढीच. वर्कशॉपात स्केल न वाचता माप घेणाऱ्या कितीतरी पोरांच्या हातून त्यांनी ड्रॉइंग हिसकावून घेतले होते.

“मग?” यज्ञेश्वरांनी विचारले.

“सव्वीस,” पंत खिडकीकडे पाहतच म्हणाले.

“मला वाटलं, इतकं मोजणारा माणूस पट्टी बघत असेलच,” सरलाबाई म्हणाल्या. “म्हणून वर्षभर मी बघितली नाही. काल बघितली. गुरुवारी भैया येतील माझ्याबरोबर. तुम्ही घरी बसा.”

पंतांनी फोन जागेवर ठेवला.

गुरुवारी दिल्लीत किरणांचा उपचार झाला. डाव्या कानाने ऐकू येणे परतले नाही, आणि फिल्मची पाकिटे त्यानंतर नगऱ्याला, यज्ञेश्वरांच्या कपाटात राहू लागली. दोन वर्षांनंतरची फिल्म बघायला पंत स्वतः तिथे गेले. त्यांना बसा असे कोणी म्हटले नाही. उभ्या उभ्याच त्यांनी आधी पट्टी मोजली, मग गाठ, आणि पट्टीच्या हिशेबाने खरे माप काढले.

एकोणीस मिलिमीटर.