शेवटच्या वाफ्याचं पाणी

आमच्या मळ्यात एक रीत आहे. जावेच्या घरून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. चिमूटभर साखर का असेना, पण तिच्यात काहीतरी घालायचं. सासूबाईंनी ती घालून दिली आणि मी नि माझी धाकटी जाऊ लंका, आम्ही जन्मभर पाळली. बांधाच्या अलीकडे माझं घर, पलीकडे तिचं. वाट्या इतक्या फिरल्या की मूळची कोणती कुणाची, हे आता देवालाही सांगता यायचं नाही.

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या आणि पिंपळगावला जायला कुणाला सवड नव्हती. मी लंकाकडे शेंगदाण्याची चटणी पाठवली, तेव्हा बांधावरून बोलता बोलता गोळ्यांचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी परत आली. तिच्यात एक पांढरी गोळी होती.

"अक्का, माझी बी बीपीचीच हाय," ती पलीकडून ओरडली. "घेऊन टाका. तुमचं माझं काय येगळं हाय का?"

मी घेतली. वाटीतून आलेलं नाकारायची सवयच नाही. दुपारी नाशिकहून माझ्या मुलाने, महेशने पाठवलेल्या माझ्या गोळ्या टेम्पोवाल्याने आणून दिल्या. सकाळच्या राहिल्याच आहेत म्हणून त्याही घेतल्या आणि ओट्यावर जाऊन टेकले.

नाही म्हटलं तरी मनात धाकधूक होती. गेल्या दिवाळीत मोरीपाशी माझा तोल गेला, तेव्हा महेशने बजावलं होतं, "आई, पुन्हा असं झालं तर मी विचारत बसणार नाही. या घराला कुलूप, आणि तू नाशिकला." त्याचा फ्लॅट गंगापूर रोडला, सहाव्या मजल्यावर. सून चांगली आहे, नात निकिता जीव लावते. पण तिथे सकाळी उठून पाय कुठल्या मातीवर ठेवायचा?

ऊन पिवळं होत गेलं. शेजारच्या मळ्यातली मोटर कुठेतरी घुमत होती. घुमता घुमता तिचा आवाज बदलला. पुक... पुक... पुक. हे तर आमचं जुनं ऑइल इंजिन. विहिरीवरून ते कधीच काढून टाकलं, ड्रिप आलं, इंजिनाबरोबर पाटही गेले. पण मला पाट दिसत होता. दोन्ही कडेला हरळी, त्यावर पाण्याचे थेंब. हे इंजिनापाशी उभे होते, डोक्याला पांढरं फडकं बांधून, आणि मी नेहमीसारखी फावडं घेऊन दारं धरत होते. एक वाफा भरला की त्याचं दार बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं.

पाणी फार हळू येत होतं. वाऱ्याने हलल्यासारखं यायचं आणि थांबायचं. "अहो, इंजिन बघा," मी म्हणत होते. हे हसत होते. यांचं ते हसणं मी विसरले होते, पुढच्या दोन दातांमधल्या फटीसकट. गव्हाचे वाफे एकामागून एक ओले होत होते, पण शेवटच्या वाफ्याला काही पाणी पोचेना. तिथली माती पांढरी पडली होती. मग लक्षात आलं, तो वाफा म्हणजे माझंच डोकं.

बरं वाटत होतं, हेही खरं. इतकं शांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. आणखी दोन पावलं गेले असते तर यांच्यापाशी पोचले असते. पण वाफा कोरडा टाकून जायचं कसं? मी फावडं उचलायला वाकले.

"अक्का! ओ अक्का!"

डोळे उघडले तर मी ओट्याखाली पडले होते आणि लंकाने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती रडत होती, आणि रडताना शिव्याही देत होती. तिच्या मुलाने गाडी काढली. पिंपळगावच्या डॉक्टरांनी नाडी धरली, पट्टी बांधून बीपी पाहिलं, संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं आणि म्हणाले, "थोडक्यात निभावलं, आजी."

महेश आणि निकिता आले तेव्हा मी घरी, कॉटवर होते. महेशने कपाट उघडलं आणि माझी पातळं काढून पिशवीत भरू लागला.

निकिता फार्मसी शिकते. तिने लंकाची गोळी आणि माझ्या गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "आजी, बीपीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात गं. तुझ्या दोन. एक अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढते. दुसरी रक्ताच्या नळ्या सैल करते. काकूआजींची हृदयालाच सांगते, हळू चाल."

"म्हणजे पाणी कमी केलं, पाट रुंद केला, आणि वरून इंजिनही मंद केलं?"

"हो, अगदी तसंच."

"मग शेवटचा वाफा कोरडाच राहायचा."

महेशचा हात पिशवीतच थांबला. लहानपणी तो माझ्यामागे पाटाच्या चिखलात उभा असायचा.

"आणखीही असते एक," निकिता म्हणाली. "मूत्रपिंड निरोप धाडतं, नळ्या आवळा म्हणून. ती गोळी तो निरोप पोचूच देत नाही. पप्पा तीच घेतात."

निकिताने जीभ चावली.

"तुला बीपी आहे?" मी विचारलं.

"थोडंसं आहे," महेश पिशवीकडे बघत म्हणाला. "तुला उगीच काळजी नको म्हणून..."

"सहाव्या मजल्यावर राहतोस. चक्कर आली तर तुला उचलायला बांधापलीकडून कोण येणार? मग कुलूप कुणाच्या घराला लावायचं रे?"

तो हसला. दातांमधली फट यांचीच.

तेवढ्यात लंका दारात आली. डोळे सुजलेले, हातात वाटी. "म्या आजपासून माझी गोळीच बंद करते," ती म्हणाली. निकिता एकदम उठली, "काकूआजी, असं अचानक बंद करायचं नाही, छाती धडधडेल! तुमची तुम्ही घ्यायची, आजीची आजीने. एवढंच."

लंकाने मान हलवली आणि वाटी माझ्या उशाशी ठेवली. रिकामी होती.

"महेश, सासूबाईची रीत मोडली बघ म्या," ती म्हणाली. "आता तू तुझा शब्द मोड. अक्कास्नी नेऊ नको, बाबा."

महेशने त्या वाटीकडे पाहिलं. मग माझी पातळं पुन्हा कपाटात ठेवू लागला, नीट घडी घालून, एकेक.

"द्राक्षं उतरेपर्यंत," तो म्हणाला. "पुढचं पुढे. आणि रोज सकाळी तू मला फोन करायचा. गोळी घेतली म्हणून."

"तू घेतलीस का, ते विचारायला करीन," मी म्हणाले.

बाहेर मोटर घुमत होती. मी मनगटावर बोट ठेवलं. पाणी येत होतं, हळूहळू, पण येत होतं.