बुलूची मासी

अमियाबालेचं गाणं कलकत्त्यात पानवालासुद्धा गुणगुणायचा. तिचं नाव घरात काढू न देणारे बडे लोक दार लावून तिच्या तबकड्या ऐकायचे. असल्या माणसांचा मला भारी राग. पण मुलीचं लग्न जमवायचं असलं की त्यांच्याच दारात जावं लागतं.

मुलगी अमियाची. माझा नवरा तिच्या स्टुडिओत एसराज वाजवायचा. ती त्याला दादा म्हणायची, मला बौदी, म्हणजे वहिनी. आम्हाला मूल नव्हतं. बुलू रांगत होती तेव्हा अमियानं तिला माझ्या ओटीत घातलं. "नटीची म्हणून वाढली तर कुणी सून करून घेणार नाही. तुझी म्हणून वाढव, बौदी." तेव्हापासून मी आई आणि ती मासी. बुलूला यातलं काही ठाऊक नव्हतं. शूटिंग नसलं की मासी भवानीपूरला आमच्या घरी यायची, पोरीची वेणी घालायची आणि परत जायची.

नंदीबाबू आपल्या मुलासाठी बुलूला बघायला आले, तेव्हा अमिया डोक्यावर पदर ओढून स्वयंपाकघरात लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळत होती. त्यांनी बुलूला चालायला लावलं, केस सोडायला लावले. मग विचारलं, "गाणं येतं?"

"नाही हो," मी घाईनं म्हटलं. बुलूला आम्ही मुद्दाम गाणं शिकवलं नव्हतं.

पण कारटीनं तोवर सूर लावलाही. गाणं मासीच्या सिनेमातलं, आणि गळाही तोच.

"डोळे मिटले तर अमियाबालाच," नंदीबाबूंची बहीण म्हणाली. "असल्या बायकांची गाणी शिकवता होय मुलीला?"

बुलूच म्हणाली, "रेडिओवर ऐकून आलं. तुम्हाला नको असेल तर नाही गाणार."

"आमच्या घरी गाणं चालत नाही," नंदीबाबू म्हणाले आणि मिठाईच्या ताटलीतला संदेश तोंडात टाकला. लग्न ठरलं.

मी आत गेले तर कढईत लुची करपली होती. "वरचा सूर किती स्वच्छ लागला गं तिचा," अमिया म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "जाऊ दे. घर मिळतंय ना पोरीला."

आमच्यात आई लेकराचं लग्न बघत नाही. बघितलं तर लेकराचं वाईट होतं म्हणतात. म्हणून मी अमियाला आधीच सांगून ठेवलं होतं, "आत मी बसते. तू मासी म्हणून पुढं उभी राहा आणि डोळे भरून बघ." ती केवढी हरखली होती. गर्दीत कुणी ओळखू नये म्हणून तिनं साधी सुती साडीसुद्धा आणली.

लग्नाच्या संध्याकाळी शंख वाजला. बुलूला पाटावर बसवून मांडवात न्यायला उचललं, तेवढ्यात अमिया माझ्या खोलीत आली आणि तिनं आतून कडी लावली.

"तू इथं कशाला? जा ना."

"आईनं बघू नये, बौदी."

"कुणाला कळणार आहे?"

"पोरीला काही झालं तर? मला नाही धीर होत."

मी खूप समजावलं, रागावलेसुद्धा. ती ट्रंकेला टेकून बसली ती बसलीच. बाहेर बायकांचा उलू-उलू असा मंगल गजर उठला. कुणीतरी दार ठोठावलं, "अहो, मासी कुठाय? बुलू सारखी विचारतेय." अमियानं तोंडात पदर कोंबला. सगळं शहर जिच्या आवाजावर जीव टाकायचं, तिला साधं 'आले' म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी निघताना बुलू माझ्या गळ्यात पडून रडली. मग मासीकडे वळली.

"लुच्या तळायला आलीस, लग्न बघायला नाही आलीस. मी काय वाईट केलं होतं तुझं?"

"डोकं दुखत होतं गं."

"ते कालच बरं दुखलं," बुलू म्हणाली आणि तिच्या पाया न पडताच गाडीत जाऊन बसली.

मी तोंड उघडणार होते. अमियानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. गाडी दिसेनाशी झाली तरी तिनं ते सोडलं नाही.