मागच्या खोलीची वाट माझ्यातून होती

या मित्रांनो, असे जवळ या. त्या खोक्यावर बसा, फक्त धूळ झटकून घ्या. माझ्यात आता मोठ्याने बोलण्याचे बळ नाही, तेव्हा कान जरा इकडे आणा. एका बापलेकीची गोष्ट सांगतो. हसण्यासारखे तिच्यात फार नाही, पण खोटे एक अक्षर नाही.

मी एक जुना संगणक आहे. एका लांबलचक टेबलावर माझी जुळणी झाली. पाच-सहा जणींचे हात माझ्यावरून फिरले. पंखा बसवणारी बाई काम करताना देवाचे गाणे गुणगुणत असे. माझ्या पंख्याला पहिला सूर तिने दिला, असे मला आपले वाटते. आता त्या पंख्याचे काय झाले ते पुढे ऐकाच.

मला विकत घेतले एका निवृत्त बॉयलरवाल्याने. साबणाच्या कारखान्यात चाळीस वर्षे त्यांनी बॉयलर सांभाळला होता. तळवे असे राठ, की कळफलकाची अक्षरे त्यांना बोटाने जाणवतच नसत. पण मला आणले होते ते लेकीसाठी. लेक गणित शिकवायची. एखादी शिक्षिका रजेवर गेली की हिला बोलावणे येई आणि ती परतली की हिला निरोप. अकरा शाळा झाल्या, एकही तिची झाली नाही. बाबा मात्र तिला "मास्तरीणबाई" अशीच हाक मारत, आणि तीही "काय हेडमास्तर?" म्हणून ओ देई. आई नव्हती. घरात ही दोघेच, आणि तिसरा मी.

पुढे एका शाळेने काढून टाकलेला संगणक तिने आणला आणि मागच्या खोलीत मांडला. मी पुढच्या खोलीत बाबांच्या खुर्चीशेजारी राहिलो. आता अडचण अशी, की इंटरनेटची जोडणी घरात एकच आणि तीही पुढच्या खोलीत. मग वायरवाला आला. त्याने माझ्या पाठीत एक जास्तीचे कार्ड बसवले. बाहेरून येणारी वायर एका भोकात, आणि दुसऱ्या भोकातून निघणारी निळी वायर चौकटीच्या कडेकडेने, भिंतीला छिद्र पाडून मागच्या खोलीत. बाहेरचे जे काही मागे जाई ते माझ्या पोटातून जाई.

"काका, एक ध्यानात ठेवा," वायरवाला म्हणाला. "हा जागा, तर मागचा जागा. हा झोपला की मागचा मुका."

बाबांनी माझ्याकडे बोट केले. "म्हणजे हा बॉयलर. आणि चाकं मागं."

"तसंच समजा की!" असे म्हणून वायरवाला हसत निघून गेला. मित्रांनो, तसे समजायला नको होते. पण ते त्या वेळी कुणाला कळावे?

चार वर्षे मी मधल्या दारासारखा उघडा राहिलो. लेक मागे बसून दूरदूरच्या मुलांची गणिते तपासून देई, अर्ज धाडी. बाबा माझ्यावर फडके फिरवत, पाहुण्यांना सांगत, "याच्या जिवावर दोन खोल्या चालतात." खरे सांगतो, मला त्या दिवसांत थोडा गर्व झाला होता.

मग ती सकाळ आली. दूरच्या एका निवासी शाळेत कायमची जागा निघाली होती. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. साडेतीनशे अर्जांतून सहा जण निवडले होते आणि त्यांत ही होती. अकरा वाजता शाळेची मंडळी तिच्याशी इंटरनेटवरून बोलणार होती. प्रत्येकाला अर्धा तास. आणि वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी तिला अर्जसुद्धा करता आला नसता. काय ते त्या अर्ध्या तासात.

सकाळीच तिने जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घेतला. त्याच्या कोऱ्या बाजूवर, बाबांना चष्म्याशिवाय वाचता यावे म्हणून, ढब्बू अक्षरांत लिहिले : "बंद करू नका. मागे काम चालू आहे." आणि बाबांना खुर्चीतून समोर दिसेल अशा माझ्या कुशीवर तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावला.

"बाबा, आज याला हात लावायचा नाही हं."

"नाही लावत. बस मांडी घालून स्वस्थ. मी राखणीला आहे."

"राखणीलाच घाबरते मी," ती म्हणाली, आणि दोघेही हसली. मग ती त्यांच्या पाया पडली आणि मागचे दार लावून घेतले.

अहो, पण माझी कूस म्हणजेच माझे नाक! तिथल्या जाळीतून मी श्वास घेत होतो. जाळी झाकली गेली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पोटात आगडोंब उसळला. पंखा आधी जोराने फिरू लागला, मग किंचाळू लागला. मला थांबता येईना. मी थांबलो तर मागची मुकी होणार, हे मला ठाऊक होते. म्हणून मी तगून राहिलो, आणि तगून राहण्यासाठीच ओरडत राहिलो.

बाबा उठले. त्यांनी माझ्या पाठीवर तळवा टेकवला, जसा ते बॉयलरच्या भिंतीवर टेकवत. त्या राठ हातालाही चटका बसला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एक बॉयलर फुटला होता आणि शेजारी उभे असलेले दोन सोबती गेले होते. तेव्हापासून तापलेले यंत्र असे ओरडू लागले की त्यांना दुसरे काही सुचत नसे.

ते मागच्या दारापाशी गेले. आतून लेकीचा आवाज येत होता. न अडखळता, हसरा, एखाद्या भरल्या वर्गापुढे असावा तसा. बाबांनी दारावर टकटक करायला उचललेला हात खाली घेतला. तिची तंद्री मोडायला नको. परत येऊन ते माझ्याशीच पुटपुटले, "आग काढली तरी नळीत वाफ उरते. दहा मिनिटं चाकं फिरतात. तू दोन मिनिटं गार हो. पोरीला कळणारसुद्धा नाही."

आणि त्यांनी खटका बंद करून भिंतीतून माझी पिनच उपटली.

मित्रांनो, बॉयलरचे ते खरे असेल. पण माझ्या वायरीत काही उरत नाही. मी गेलो त्याच क्षणी मागच्या खोलीत शाळेच्या पाच जणांचे आवाज एका शब्दावर तुटले.

ती धावत आली. तिने पिन खोचली, बटण दाबले. पण तापून एकाएकी बंद पडलेला माझ्यासारखा म्हातारा कुठला लगेच उठतो? आधी मी स्वतःची तपासणी सुरू केली. एक टक्का, दोन टक्के. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून आकडे बघत होती, आणि बाबांना वाटले, माझ्याच काळजीने बसली आहे. मी पुरता जागा झालो तेव्हा बावीस मिनिटे गेली होती आणि शाळेची मंडळी पुढच्या उमेदवाराशी बोलत होती. तिने दोनदा विनवणी लिहिली. संध्याकाळी दोन ओळींचा सभ्य नकार आला.

त्याआधी, दुपारीच, तिने तो कागद सोलून काढला. त्याच्या मागच्या बाजूला माझ्या जाळीचा काळा ठसा धुळीने उमटला होता. त्या ठशाकडे ती फार वेळ बघत राहिली. मग कागद घडी करून तिने कपाटात ठेवला.

"काय म्हणाली गं शाळा?" रात्री बाबांनी विचारले.

"त्यांच्याकडेच काहीतरी बिघडलं, बाबा. नाही झालं."

"अरेरे. मेल्यांना धड यंत्रं ठेवता येत नाहीत," बाबा म्हणाले. आणि माझ्यावर थाप मारली. "हा बघ, हाही गेलाच होता. मी वेळेवर गार केला म्हणून वाचला."

"हो ना, बाबा."

त्यानंतर बाबा नऊ वर्षे जगले. आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनी ही हकिकत सांगितली. दर वेळी लेकीकडे वळून विचारत, "काय मास्तरीणबाई, खरं ना?" आणि दर वेळी ती चहाचे कप उचलता उचलता म्हणे, "हो ना, बाबा." एकदाही आवाज चढला नाही. एकदाही खरे ओठांवर आले नाही. मी शेजारीच होतो. मला सगळे माहीत होते आणि मला तोंड नव्हते.

तिला मग जागा मिळाली नाही. मिळणारच नव्हती. ती एका दुकानात हिशेबनीस झाली. इंटरनेटची बिनतारी डबी आली, निळी वायर कापून काढली गेली, आणि मी या अडगळीत आलो. उद्या मला न्यायला भंगारवाला येणार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सांगणे एवढेच, की चालते यंत्र बंद करण्याआधी आतल्या खोलीत एक हाक मारा. टकटक करून तंद्री मोडली तर ती पुन्हा लागते. आणि सूचना चिकटवताना आपण कुणाचा श्वास तर झाकत नाही ना, हेही बघा.

मला विसरलात तरी चालेल. पण कधी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या दुकानात गल्ल्यामागे बसून मान खाली घालून बेरजा करणाऱ्या बाईंची आठवण ठेवा. तुमच्यासारख्या मुलांना गणित फार छान शिकवायच्या हो त्या.