चाळीस सेकंद मागे

लेकीने घरातला टीव्ही मोडीत काढला आणि आईच्या हातात फोन दिला. "सगळे सामने यातच दिसतात, कुठेही बसून बघा," म्हणाली आणि गेली आपल्या घरी. इकडे तिचा वेल्डर बाप बसला कपाळ बडवत. फोनवरचा खेळ चाळीस सेकंद मागे! खालच्या मजल्यावर मास्तरांचा जुना टीव्ही. तिथे ते आधी बोंबलायचे, मग वर गोल व्हायचा. याला काय बघणं म्हणायचं?

आज तर गुडघ्याच्या दुखापतीनंतर आठ महिन्यांनी वेल्डरचा पोरगा गोलरक्षक म्हणून उतरला होता. तोच गुडघा पुन्हा गेला तर खेळ कायमचा संपला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या वेळी तो कळवळत पडला, तेव्हा त्याची आई एकटीच बघत होती आणि वेल्डर कामावर होता. यापुढे तिच्या शेजारीच बसेन, असा त्याने शब्द दिला होता.

पण मध्यंतरानंतर त्याच्या जिवाला चैन पडेना. तीनदा उठला, पाणी प्यायला, खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"अहो, एका जागी बसवत नाही का? जा बघू एकदाचे खाली!"

गेला. दहा मिनिटं होतात न होतात तोच पोरगा चेंडूवर झेपावला आणि समोरचा धिप्पाड गडी त्याच्या पायावर कोसळला. पोरगा उठेना.

मास्तर "अरे देवा!" म्हणेपर्यंत वेल्डर दाराबाहेर. एरवी पायरीपायरीला कुरकुरणारा माणूस, बावीस पायऱ्या धडाधडा चढून गेला.

वर फोनमध्ये पोरगा ठणठणीत उभा होता, आपल्याच गड्यांवर खेकसत.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. सरक जरा."

तिने त्याचा चेहरा पाहिला आणि काय ते समजली. त्याचा हात फोन उलटा करायला पुढे आला.

"राहू दे. उठला का तो?"

"माहीत नाही गं. तेवढं बघायला थांबलोच नाही मी."

पडद्यावर पोरगा झेपावला. पडला. तिने नवऱ्याचं मनगट करकचून धरलं.

तेवढ्यात खालच्या खिडकीतून मास्तर घसा फोडून ओरडले, "वहिनी, उठला हो! चालतोय! अहो, धावतोय!"

तिला रडूच फुटलं. पडद्यावर पोरगा अजून गुडघा धरून गवतात आडवा होता, आणि आईबाप त्याच्याकडे बघून हसत होते.