श्रावणासाठी अकरा पुडे

करंजाड्यातल्या दोन खोल्यांत अरुंधती आणि गुरुदत्तांनी टपालाने भाजणी पाठवायचा उद्योग काढला, तेव्हा कामं वाटून घेतली. भाजायचं-दळायचं अरुंधतीने, पुडे भरायचे, पत्ते लिहायचे, पोस्टात न्यायचे गुरुदत्तांनी. मासिकात चार ओळींची जाहिरात दिली आणि महिन्याभरात अकरा पत्रं आली. अकराही जणींना उपासाची भाजणी हवी होती, पहिल्या श्रावणी सोमवारच्या आत.

पुडे निघायच्या दिवशी सकाळी गुरुदत्त पिशवी भरून, हेल्मेट घेऊन तयार. अरुंधतीने पूजा आटोपून फळीवरचा उपासाचा डबा सहज उघडला. काठोकाठ भरलेला! मग पुड्यांत गेलं काय? शेजारचा डबा मात्र रिकामा. त्यातली भाजणी रोजची. ज्वारी, उडीद, गहू, धणे, सगळं घातलेली.

म्हणजे अकराही पुड्यांत तीच गेली होती. पण बोलायचं कसं? चातुर्मासात दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे. नऊ वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. लिहून सांगणंही तिला चालत नसे. ते कागदावर बोलणंच की.

तिने पिशवी धरली.

"देवापुढे ठेवायची राहिली होय?" गुरुदत्तांनी पिशवी देव्हाऱ्यापाशी टेकवली, घंटा वाजवली आणि पुन्हा उचलली. "झालं!"

तिने भरलेला डबा त्यांच्या नाकासमोर आणला.

"अगं बाई, एवढी उरली? बघ, माझं माप किती चोख!"

तिने कपाळावर हात मारला.

"डोकं दुखतंय? पड जरा. येतोच मी." आणि गडी जिना उतरलासुद्धा.

अरुंधती गॅलरीत धावली. खाली स्कूटरला किक बसत होती. अकरा अनोळखी घरांतल्या बायका तिच्यावर विश्वासून उपासाला गहू खाणार होत्या. तिने देवाकडे एकदा पाहिलं.

"अहो!"

खालच्या आवारातल्या तीन नवऱ्यांनी वर पाहिलं. गुरुदत्तांनी नाही. सकाळच्या वेळी आपल्याला हाक येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"अहो, तुम्ही नाही हो... गुरुदत्त! थांबा!"

नवऱ्याचं नाव घेऊन, तेही तिसऱ्या मजल्यावरून! तळमजल्यावरच्या मुबीनाभाभी बाहेर आल्या. "या अल्लाह, वहिनी बोलल्या?"

गुरुदत्त हेल्मेटसकट वर आले. "अरू, मौन मोडलंस?"

"माझं एकटीचं मोडलं. त्या अकराजणींचे उपास मोडले असते! वास तरी घ्यायचा होतात हो. धण्याचा वास येत नाही का तुम्हाला?"

"सर्दी आहे."

"आणि हे आत्ता सांगताय?"

त्यांनी कात्री घेतली आणि पहिला पुडा उघडला. पोस्टाची खिडकी तीनपर्यंत उघडी होती. अरुंधती नव्या पुड्यांत मापाने भाजणी घालत होती आणि बोलत होती. रिकाम्या डब्याबद्दल, सर्दीबद्दल, लग्नापासूनच्या इतर दोन-चार गोष्टींबद्दलही. अकराव्या पुड्याला चिकटपट्टी लागली तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि गुरुदत्तांनी मधल्या वेळात एक अक्षर काढलं नव्हतं.