पाचव्या मजल्यावरची म्हातारी

माझ्या पाच वर्षांच्या बहिणीचं नाव त्या सोमवारी सकाळी बदललं. घसा सुजून तिला श्वास घेता येईना, तेव्हा बाबांनी आमच्या धर्मगुरूंकडून, रब्बींकडून, तिचं नाव आल्ते, म्हणजे म्हातारी, असं ठेवून घेतलं. आम्हा ज्यू लोकांत ही जुनीच रीत. मृत्यूचा दूत नाव घेऊन येतो. दारात भलतंच नाव निघालं की घर चुकलं समजून परत जातो. जुनं नाव मात्र कुणी तोंडातून काढायचं नाही. बाबा कोट शिवायला कारखान्यात गेले आणि आई नि मी तिच्या छातीची घरघर ऐकत बसलो.

दुपारी दार वाजलं. काळी बॅग, हातात कागद, नगरपालिकेची नर्स. शुक्रवारी शाळेत बाईंना तिच्या घशाचं मीच सांगितलं होतं. माझा आगाऊपणा, दुसरं काय! नर्सने कागदावरचं जुनं नाव वाचलं तशी आई पांढरीफटक पडली. असल्याच एका नर्सने खालच्या मिंडलमावशीचा मुलगा नदीतल्या बेटावरच्या इस्पितळात नेला होता. परत आली ती शवपेटी.

"त्या नावाचं इथं कुणी नाही, सांग तिला," आई आमच्या भाषेत म्हणाली. "आत म्हातारी निजलीय म्हणावं."

मी तसंच इंग्रजीत सांगितलं. पाच जिने चढून दमलेली नर्स म्हणाली, या रोगावर सुई आहे, बॅगेतच आहे, पण आजच टोचायला हवी. मग कागदावर काट मारून ती उतरू लागली.

आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. मी सुईचं सांगायच्या आत "गेली पीडा," म्हणत तिने कडी घातली.

आतली घरघर थांबली. पुन्हा सुरू झाली. नाव घेतलं तर दूत ऐकणार, नाही घेतलं तर सुई जाणार. मी कडी काढून कठड्यावर वाकले. "बाई, थांबा," म्हणून हाक मारली, पण आमच्या जिन्यात दिवसभर कुणी ना कुणी कुणाला हाका मारतच असतं. ती वळली नाही.

मग मी जिवाच्या आकांताने ओरडले, "पेर्ले इथंच आहे! पेर्ले ग्लूकमान, पाचवा मजला!"

साऱ्या चाळीने ऐकलं. आईने माझं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

"काय केलंस गं हे," ती म्हणाली. "आता ज्याला ऐकू गेलं असेल तो येईल."

खालून पावलं वर येऊ लागली. आई आत धावली आणि पेर्लेला अंगाखाली झाकून पालथी पडली. मी दार धरून उभी राहिले, पण लावलं नाही.